सही नसलेल्या चित्राचा भाव

कापडाच्या व्यापाऱ्याला चित्रातले काय कळते, असे वाचक विचारतील. बरोबर आहे. परंतु गेल्या वर्षी धुळ्यातील एका परिचितांच्या घरी, मरहूम आजोबांच्या पेटीत शाईने काढलेली एक शबीह सापडली. पगडी घातलेला वृद्ध. खाली ना सही, ना साल. घरात मुलीचे लग्न ठरलेले. एका दलालाने कानात सांगितले, "कोपऱ्यात मोठ्या चित्रकाराचे नाव टाका, लाखाचा माल होईल." परिचित तो कागद घेऊन जळगावला माझ्या दुकानी आले.

मी म्हणालो, "भाई, छाप नसलेला तागा आपण कसा पारखतो? उलटी बाजू पाहतो, सूत मोजतो, माल कुठून आला ते विचारतो. इथेही तेच करू."

धागे मोजायचे भिंग लावले. छापील चित्रात बहुधा बारीक ठिपके दिसतात; इथे रेघ सलग होती, कुठे दाट, कुठे फिकी. मग नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद धरला. साधारण १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत सफेदीचे रसायन असते, ते दिव्याखाली चमकते. हा चमकला नाही. तेवढ्याने कागद जुना ठरत नाही, पण एक शंका गेली. शाई तपकिरी झाली होती. हिराकस व माजूफळाची शाई काळाने तपकिरी होते आणि कागदही खाते. काजळाची काळीच राहते.

सही नाही म्हणजे मोल नाही, असे नव्हे. हॉलंडच्या रेम्ब्रांट या चित्रकाराने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल चित्रे पाहून शाईची वीसेक चित्रे काढली. त्याच्या बहुतेक रेखाचित्रांवर सही नसते. ही चित्रे ओळखली जातात ती रेघेवरून, आशियाई कागदावरून आणि १७४७ च्या लंडनमधील लिलावाच्या नोंदीवरून. म्हणजे सहीचे काम नोंदीने केले!

कायदाही ध्यानात असावा. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने चित्र पुराणवस्तू ठरते. त्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही व खासगी माणसाला ते परदेशी पाठवता येत नाही.

परिचितांनी विचारले, "मग भाव किती?" मी स्पष्ट सांगितले, "चित्रकार व चित्रातला माणूस कळेपर्यंत थोडाच. पण खोटी सही टाकलीत तर तोही जाईल, वर फसवणुकीचा गुन्हा."

लग्न चित्र न विकता, साधेपणाने पार पडले. शबीह आज सपाट पुठ्ठ्यात ठेवली आहे. लॅमिनेशन केलेले नाही. पेटीतली पत्रे सोबत आहेत. चित्र घरात कसे आले, ते वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहून घेतले आहे. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे. जुन्या कागदांच्या अशा जाणकारांना दाखवूनच पुढचा सौदा करायचा, असे ठरले आहे.

बंधूंनो, आपल्याही घरी अशी पेटी असेल. रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहा.