आरशातील ‘मी’ : लिंग, भाषा, देह आणि यंत्र

मनुष्याला स्वतःचा चेहरा स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येत नाही. त्यासाठी पाणी लागते, धातूचा पत्रा लागतो, काच लागते, नाहीतर दुसऱ्याची नजर लागते. या साध्या वस्तुस्थितीचा बौद्ध विचाराने फार खोलवर विचार केला आहे. संयुत्तनिकायाच्या खन्धसंयुत्तात आयुष्मान आनंद सांगतात की, आपण नवदीक्षित असताना पुण्ण मन्तानिपुत्त यांच्या उपदेशाने आपल्याला धम्माचा बोध झाला. त्या उपदेशाचा आशय असा : ‘मी आहे’ ही जाणीव कशाचा तरी आधार घेऊनच उत्पन्न होते, आधाराविना होत नाही. नटण्याची हौस असलेला तरुण किंवा तरुणी आरशात अथवा स्वच्छ पाण्याच्या भांड्यात मुख न्याहाळते, तेव्हा ते प्रतिबिंब त्या साधनाच्या आश्रयाने दिसते. त्याचप्रमाणे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांच्या आश्रयाने ‘मी’ दिसतो. आधार घेण्याच्या या क्रियेला पालीत ‘उपादाय’ हा शब्द आहे.

या दृष्टान्तातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. स्वतःविषयीचे आपले मत हा स्वयंभू साक्षात्कार नसून साधनाश्रित प्रतिबिंब आहे. साधन बदलले की प्रतिबिंब बदलते. साधन वाकडे असेल तर चेहरा वाकडा दिसतो. म्हणून ‘मी कसा आहे’ किंवा ‘मी कशी आहे’ या प्रश्नाच्या अगोदर दुसरा प्रश्न विचारावा लागतो : मी कोणत्या आरशात पाहत आहे, आणि तो कोणी घडविला? ज्या समाजाच्या हाती शतकानुशतके दुसऱ्यांनी घडविलेला आरसाच दिला गेला, त्या समाजाला हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा नाही. प्रस्तुत लेखात लिंग, भाषा, देह आणि यंत्र या चार आरशांचा विचार केला आहे.

लिंगभावाचा आरसा

अंगुत्तरनिकायाच्या सत्तकनिपातात संयोग व विसंयोग यांविषयी एक सुत्त आहे. स्त्री आपल्या अंतरी स्त्रीत्वाच्या खुणांकडे, म्हणजे हावभाव, वेश, अभिमान, इच्छा, स्वर व अलंकार यांकडे लक्ष देते, त्यांत रमते आणि मग तिला बाहेर पुरुषत्वाच्या त्याच खुणांची ओढ लागते, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. पुरुषाविषयीही नेमके तेच सांगितले आहे. या यादीतील वेश, अलंकार, हावभाव यांसारख्या बाबी मनुष्य समाजात राहून शिकतो. शिवाय पुरुष हा येथे तटस्थ प्रेक्षक नाही. तोही आपल्या पुरुषत्वाच्या प्रतिमेने तितकाच बद्ध आहे.

भिक्खुनीसंयुत्तातील सोमा थेरीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. ऋषींनाही दुष्कर असलेले पद दोन बोटांएवढी प्रज्ञा असलेल्या स्त्रीला लाभणार नाही, असे म्हणून मार तिला विचलित करू पाहतो. शिजणाऱ्या भाताचे शीत दोन बोटांनी चेपून पाहणारी ती ‘दोन बोटांची’ बुद्धी, असे एक स्पष्टीकरण अट्ठकथेत मिळते. माराची युक्ती येथे उघड होते. प्रथम स्त्रीला चुलीशी बसवायचे आणि मग चुलीवरूनच तिच्या बुद्धीचे माप काढायचे! जातिव्यवस्थेने हीच युक्ती श्रमिकांच्या बाबतीत वापरली. सोमा या मापाशी वाद घालीत बसत नाही. चित्त समाहित असताना स्त्रीत्वाने काय बिघडते, असे ती विचारते. मी स्त्री, मी पुरुष किंवा मी अमुक अशी ज्याची समजूत असेल, त्याच्याशीच माराने बोलावे, असे सांगून ती त्याला निरुत्तर करते.

विनयपिटकात एका भिक्खूच्या देहात स्त्रीलिंग प्रकट झाल्याची कथा आहे. त्याची तीच उपसंपदा व तीच वर्षावासांची गणना कायम ठेवून भगवंतांनी त्याला भिक्खुनीसंघात राहण्याची अनुज्ञा दिली. देहाची खूण बदलली म्हणून साधना पुसली गेली नाही. त्याच विनयात ‘पण्डक’ म्हटलेल्या व्यक्तीला उपसंपदा नाकारणारा नियमही आहे, हे लपविण्याचे कारण नाही. या प्रश्नावर आपल्या देशात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय देऊन तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्याचा आधार संविधानातील समता, स्वातंत्र्य व जीविताचे मूलभूत हक्क हा होता.

भाषेचा आरसा

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सा उत्पन्न करणारे असावे, असा तो नियम. बालकाला बोलता येण्यापूर्वीच त्याच्या हाती असा आरसा देण्याची ही योजना होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर घरोघरी गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, प्रज्ञा, करुणा ही नावे आली, त्यांचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा. हाक मारणारा प्रत्येकजण नकळत त्या मुलासमोर नवा आरसा धरीत होता.

भाषा शब्दांपेक्षाही सूक्ष्म मार्गाने, म्हणजे व्याकरणातून काम करते. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ असे भिन्न प्रयोग आहेत. वर्तमानकाळातील बहुतेक क्रियापदे उच्चारताना बोलणाऱ्याला ‘मी’बरोबर आपले लिंगही जाहीर करावे लागते. दिवसातून शेकडो वेळा होणाऱ्या या उच्चारणाने ‘मी स्त्री’ व ‘मी पुरुष’ हे ठसे दृढ होत जातात. पालीतील ‘गच्छामि’ या क्रियापदाला मात्र लिंग नाही. त्रिशरण घेताना उपासक व उपासिका एकच रूप उच्चारतात. पालीतील नामे व विशेषणे लिंगवाचक आहेतच. परंतु शरण जाण्याच्या क्रियेत स्त्री-पुरुष भेद उमटत नाही, ही गोष्ट मननीय आहे.

देहाचा आरसा

येथे एक शंका उपस्थित होते. देह अनित्य आहे, तर त्याच्या दिसण्याची चिंता कशाला? आणि तसे असेल, तर बाबासाहेबांनी स्त्रियांना पेहरावाविषयी उपदेश का केला? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच सत्याग्रह परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. स्वतःला अस्पृश्य समजू नका, लुगडे उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे नेसा, अस्पृश्यतेची ओळख देणारे दागिने टाकून द्या, वस्त्र फाटके असले तरी स्वच्छ ठेवा, मुलींना शिकवा, असा त्या भाषणाचा आशय होता. हा नटण्यामुरडण्याचा उपदेश नव्हता. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि हातभर कथलाचे दागिने या देहावर लिहिलेल्या जातीच्या पाट्या होत्या. त्या काढून टाकणे म्हणजे दुसऱ्याने दिलेला आरसा फोडणे होय.

बुद्धवचनात याला भक्कम आधार आहे. ‘मान’ हे दहा संयोजनांपैकी एक संयोजन असून त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे आणि मी हीन आहे. तिसरा प्रकार विशेष लक्षात घ्यावा. न्यूनगंडाला लोक नम्रता समजतात. भगवंतांनी त्याची गणना अहंकाराच्याच प्रकारांत केली आहे. कारण ‘मी हीन’ म्हणणाराही तुलनेच्या त्याच तागडीत बसलेला असतो. म्हणून अनात्मवाद सांगून पीडितांना गप्प बसविता येत नाही. ज्याने दुसऱ्याला हीनतेच्या तागडीत बसविले, त्यालाही हाच सिद्धान्त लागू आहे.

प्रश्न असा की, ती तागडी आपण खरोखर सोडली आहे काय? आपल्या वधू-वर सूचक जाहिराती चाळून पाहाव्यात. ‘गोरी’, ‘उजळ’, ‘सडपातळ’, ‘उंच’ ही विशेषणे तेथेही दिसतात. भारतात १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आले. ‘फेअर’ हा शब्द गळून त्याचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ होण्यास २०२० साल उजाडावे लागले. मलमाचे नाव बदलले, तरी घरात सावळ्या मुलीकडे पाहून सोडलेला उसासा तसाच राहिला, तर महाडच्या भाषणाचा अर्धाच भाग आपण ऐकला असे म्हणावे लागेल. जातीचा आरसा फोडून वर्णाचा आरसा भिंतीवर टांगणे ही मुक्ती नव्हे.

यंत्राचा आरसा

आज बहुतेकांच्या खिशात आरसा आहे. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चेहरा दाखवितो; पण अनेकदा फिल्टर लावून त्वचा उजळ, नाक सरळ व डोळे मोठे करून दाखवितो. जुन्या आरशाने सुंदर कोण हे ठरविले नव्हते. या यंत्रात ते मत आधीच भरलेले असते. यंत्र निःपक्षपाती असते हाही भ्रमच आहे. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी व टिम्निट गेब्रू या संशोधिकांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या तीन कंपन्यांच्या संगणकप्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचे प्रमाण अधिकात अधिक ०.८ टक्के होते, तर गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. ज्या चेहऱ्यांवर यंत्र शिकविले गेले त्यांत काळ्या स्त्रिया थोड्या होत्या, हे यामागील एक कारण मानले जाते. सोमा थेरीला दोन बोटांचे माप लावणाऱ्या माराप्रमाणे हे यंत्रही अपुऱ्या मापाने मोजीत होते.

सप्टेंबर २०२१ मध्ये इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत संशोधन वृत्तपत्रातून उघड झाले. आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ती भावना अधिक तीव्र झाली, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याची त्यात नोंद होती. येथे प्रतिबिंबाशेजारी पसंतीची संख्याही उमटते, आणि श्रेष्ठ, समान, हीन ही त्रिविध तुलना आकड्यांत चालू होते.

आरशाचा सम्यक् उपयोग

मग आरसे टाकून द्यावेत काय? चुल्लवग्गातील नियम येथे मार्गदर्शक आहे. भिक्खूंनी आरशात किंवा पाण्याच्या भांड्यात मुख पाहू नये, असा नियम झाला. पुढे एका भिक्खूच्या मुखावर व्रण झाला, तेव्हा आजाराच्या कारणास्तव मुख पाहण्याची अनुज्ञा देण्यात आली. यातून कसोटी मिळते. जखम पाहून तिच्यावर उपचार करण्यासाठी आरसा असावा. तुलनेची तृष्णा वाढविण्यासाठी नसावा. फोटो, मोबाइल, भाषा, वेश या सर्वांना ही कसोटी लावता येते.

अम्बलट्ठिका येथे भगवंतांनी बालक राहुलाला याहून मोठी गोष्ट शिकविली. आरसा कशासाठी असतो, असे त्यांनी विचारले. पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच कायेने, वाचेने व मनाने करावयाचे कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावे. त्यातून स्वतःला, दुसऱ्याला किंवा उभयतांना पीडा होते काय, हे तपासावे, असा तो उपदेश आहे. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात मननासाठी ज्या धम्मपर्यायांची नावे दिली, त्यांत असत्यभाषणाविषयी राहुलाला केलेल्या उपदेशाचा समावेश आहे. येथे आरशात पाहावयाची वस्तूच बदलली आहे. मुखाच्या जागी कर्म आले आहे, आणि कर्माला स्त्री-पुरुष, गोरे-काळे, उच्च-नीच ही विशेषणे लागत नाहीत.

आपल्या मुला-मुलींना कोणता आरसा द्यावयाचा, हे घराने व विहाराने ठरवावयाचे आहे. वधू-वरांच्या अर्जातील रंगाचा रकाना काढून टाकणे, मुलीला तिच्या दिसण्याऐवजी तिच्या कामाबद्दल शाबासकी देणे, मुलाला रडू आल्यास त्याच्या पुरुषत्वाचा उल्लेख न करणे, या सुरुवातीला पैसा लागत नाही. मराठीचे व्याकरणही येथे साहाय्यकारी आहे. ‘मी शिकतो’ आणि ‘मी शिकते’ यांत भेद आहे. परंतु ‘मी शिकेन’ हे भविष्यकाळाचे रूप मुलाच्या व मुलीच्या मुखी एकच आहे.