टीव्हीला न वाचता आलेली आरती

परळच्या भाड्याच्या घरातल्या मोठ्या टीव्हीवर आजी दिसत होती. गिरगावातल्या चाळीतली आमची खोली, 2007 चा गणपती, थर्माकोलचं मखर. आजीचे ओठ हलत होते, हातातले टाळ एकमेकांवर आपटत होते, आणि इकडे हॉलमध्ये आम्ही सातआठ जण चिडीचूप. "अगं, आवाज मोठा कर ना," काकू म्हणाली. आवाज पूर्ण मोठाच होता. टीव्हीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सूचना उमटली, या ऑडिओला सपोर्ट नाही, आणि वाचेपर्यंत गेलीसुद्धा.

त्याच पेनड्राइव्हवरचा पुढचा व्हिडिओ लावला तर आवाज खणखणीत. म्हणजे टीव्ही धड होता, पेनड्राइव्हही धड होता. तरी कोणी म्हणालं वायर हलवून बघ, कोणी म्हणालं फाइल खराब झाली असेल, काढून टाक. हे शेवटचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चाळ आता पुनर्विकासात गेली आहे. ती खोली, तो जिना, आजी, यांतलं काहीच उरलेलं नाही. उरली आहे ती ही चार मिनिटांची फाइल.

गिरगाव, दादर, लालबाग, परळ भागात चाळी रिकाम्या होत असताना ट्रंकेतून, कपाटाच्या वरच्या फळीवरून जुने फोन आणि कॅमेरे निघतात, आणि हाच प्रकार घरोघरी घडतो. म्हणून आवाज न येण्याचं कारण जरा नीट समजून घेऊ.

मोडीत लिहिलेलं जुनं खरेदीखत डोळ्यांसमोर आणा. भाषा मराठीच, शाई शाबूत, कागदाला कसर लागलेली नाही. पण ज्याला फक्त बाळबोध येते त्याला त्यातलं अक्षरही लागत नाही. म्हणून कोणी खत कोरं आहे म्हणत नाही. व्हिडिओ फाइलचं असंच आहे. एमपी4, एमकेव्ही, थ्रीजीपी, एमटीएस ही नुसती पाकिटांची नावं. पाकिटात दोन वेगळे कागद असतात, एक चित्राचा आणि एक आवाजाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले असू शकतात. या लिपीला कोडेक म्हणतात. आमच्या टीव्हीला चित्राची लिपी येत होती, आवाजाची येत नव्हती. फाइलच्या नावापुढचं थ्रीजीपी खोडून एमपी4 लिहिलं तर पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतला मजकूर तसाच राहतो. हा उपाय अनेकजण करतात. त्याने काही साधत नाही.

आजीचा व्हिडिओ दादाने बटणांच्या फोनवर घेतला होता. त्या काळचे असे बरेचसे फोन आवाज एएमआर या लिपीत लिहीत. ती मुळात मोबाइलवरच्या बोलण्यासाठी बनलेली. सेकंदाला आवाजाचे 8,000 नमुने घ्यायचे आणि ते फार तर 12.2 किलोबिटांत बसवायचे. संगीताच्या सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात, यावरून काटकसर किती ते कळेल. फोनवर बोलण्यापुरतं हे उत्तम. पण टीव्ही बनवणाऱ्यांना ही लिपी आपल्या यंत्रात घालावीशी सहसा वाटलीच नाही.

दुसरा नेहमीचा अडथळा हँडीकॅमचा. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी 2006 मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत आवाज बहुधा एसी-3 मध्ये, म्हणजे डॉल्बी डिजिटलमध्ये असतो. टीव्ही तो सहसा वाचतात, पण काही फोन आणि टीव्हीला जोडायची स्वस्तातली खोकी अडखळतात. तिसरा डीटीएस या लिपीतल्या आवाजाचा. तो घरच्या व्हिडिओत क्वचितच, डिस्कवरून उतरवलेल्या सिनेमांत मात्र बऱ्याचदा. डॉल्बी आणि डीटीएससाठी यंत्र बनवणाऱ्याला परवान्याचे पैसे मोजावे लागत आले आहेत. सॅमसंगने 2018 च्या मॉडेलांपासून टीव्हीतून डीटीएस वगळलं, एलजीने 2020 मध्ये. म्हणून जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल नव्या, महागड्या टीव्हीवर मुकी होऊ शकते. ग्राहकाला हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

चित्र एकीकडे आणि आवाज एकीकडे, ही अडचण गिरगावाने फार आधी पाहिली आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी इथल्याच कॉरोनेशनमध्ये लागला, तो मूकपट. मग 14 मार्च 1931 रोजी मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला आणि भारतीय सिनेमा बोलू लागला. तो बनवणाऱ्या अर्देशिर इराणींच्या स्टुडिओशेजारून रेल्वे जायची, म्हणून चित्रीकरण रात्री, गाड्या थांबल्यावर चाले. आवाज त्याच फिल्मवर चित्राच्या कडेला उमटवलेला होता. मूकपटाच्या यंत्रावर ती फिल्म चढवली असती तर पडद्यावर माणसं हलली असती, पण आवाज वाचायला वेगळं यंत्र लागलं असतं. आज 'आलम आरा'ची एकही प्रत उपलब्ध नाही. तो आवाज खरोखर गेला. आपल्या पेनड्राइव्हवरचा गेलेला नाही.

आधी आवाज कोणत्या लिपीत आहे ते बघा. फाइल लॅपटॉपवर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये लावा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेला हा प्लेअर बहुतेक सगळ्या लिपी स्वतःजवळ बाळगतो. आमच्या आजीचा आवाज तिथे लगेच आला, आणि काकूने पदर डोळ्यांना लावला. टूल्समधल्या कोडेक इन्फर्मेशनमध्ये लिपीचं नाव मिळतं. तिथे ए52 दिसलं तर गोंधळू नका, ते एसी-3 चंच दुसरं नाव.

मग स्वतःला विचारा, आवाज वाचतंय कोण? सगळी मेख इथे आहे. पेनड्राइव्ह टीव्हीला लावलात, किंवा घरच्या वायफायवरून फाइल जशीच्या तशी टीव्हीकडे पाठवलीत, तर वाचायचं काम टीव्हीचं. लॅपटॉप एचडीएमआय वायरने जोडलात तर लॅपटॉपचं, टीव्ही फक्त तोंड हलवतो. जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा सर्व्हर लॅपटॉपवर बसवलात तर तो टीव्हीला काय येतं ते विचारतो आणि न येणारा आवाज जाता जाता बदलून देतो. पाहुणे दारात उभे असतील तर एचडीएमआय वायर हाच राजमार्ग. टीव्ही अँड्रॉइडवर चालणारा असेल तर त्यातच व्हीएलसी टाकून बघावं.

टीव्हीला साउंडबार जोडलेला असेल तर आणखी एक घोळ संभवतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज पासथ्रूवर असला की टीव्ही कागद न वाचताच साउंडबारकडे सरकवतो, आणि त्याला ती लिपी येत नसेल तर शांतता. तिथे पीसीएम निवडलं, आणि टीव्हीला ती लिपी येत असली, की तो स्वतः वाचून सरळ आवाज पुढे देतो.

कायमचा उपाय लिप्यंतराचा. आवाज एएसी या लिपीत आणायचा, कारण ती आज जवळजवळ प्रत्येक टीव्हीला आणि फोनला येते. चित्राला मात्र हात लावायचा नाही. हँडब्रेक नावाचं लोकप्रिय सॉफ्टवेअर चित्रही पुन्हा दाबून बसवतं. वेळ जातो आणि आधीच धूसर असलेलं चित्र आणखी उतरतं. एफएफएमपेग या मोफत साधनात चित्र जसंच्या तसं उतरवून फक्त आवाज बदलता येतो. मी चित्राला कॉपी, आवाजाला एएसी, 48,000 नमुने, दोन चॅनेल एवढंच सांगितलं. चार मिनिटांची आरती काही सेकंदांत तयार झाली.

मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, तो बाळबोधीत उतरवणाऱ्याला मूळ कागदात सापडत नाही, अंदाजाने घालावा लागतो. एएमआरने 2007 मध्येच जे गाळलं तेही तसंच परत येत नाही. टाळांचा नाद पत्र्यावर वाळू ओतावी तसा ऐकू येतो. आजीचा शब्द न् शब्द मात्र लख्ख आहे. बोलण्यासाठी बनलेल्या लिपीने बोलणं जपलं. शेवटी ती कॅमेऱ्याकडे वळून म्हणते, "कोण रे तो फोन धरून उभा? टाळ घे हातात." हे वाक्य ती बोलली होती, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नव्हतं.

मूळ फाइल मी पुसलेली नाही, तुम्हीही पुसू नका. उद्या याहून चांगलं लिप्यंतर करणारं कोणी आलं तर त्याला मूळ खतच लागेल. माझ्याकडे आता दोन फोल्डर आहेत, 'मूळ' आणि 'टीव्ही', आणि दोन्हींची एकेक प्रत दादाकडे दादरला आहे. फाइलच्या नावात साल आणि प्रसंग घालायचेच, पण आता आत कोणाकोणाचे आवाज आहेत तेही एका वहीत लिहून ठेवते. आरतीच्या नोंदीत काकूने स्वतः सांगून एक ओळ वाढवून घेतली: मागे कुकरची शिट्टी आहे, ती शेजारची नव्हे, आपल्याच घरची.