शिंकेची गोळी आणि काळजाचा ठोका

शिंका येतात, नाक गळते, अंगाला खाज सुटते. यावर अमेरिकेत १९८५ साली एक गोळी विकू लागले. तिचे नाव टरफेनाडीन. ती घेऊन झोप येत नसे, म्हणून लोकांना फार आवडली. पण काही माणसे ती घेतल्यावर भोवळ येऊन पडली. काही दगावली. साधी शिंकेची गोळी, आणि माणूस जातो! असे का व्हावे?

हृदयाला आपण काळीज म्हणतो. त्यात विजेची बारीक लहर उठते आणि ठोका पडतो. मग काळीज क्षणभर विसावते. असे मिनिटाला सुमारे ७० वेळा चालते. या गोळीने तो विसावा लांबतो. विसावा पुरा होण्याआधीच दुसरी लहर उठली, की ताल बिघडतो. काळीज नुसते थरथरते, डोक्याकडे रक्त जात नाही.

मग सगळ्यांनाच असे का झाले नाही? आपल्या उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. पोटातून आलेली ही गोळी यकृत बदलून टाकते. बदललेले औषध शिंका थांबवते, काळजाला धक्का लावत नाही. पण रोगी एरिथ्रोमायसीनसारखे दुसरे औषधही घेत असेल, तर यकृताचे हे काम अडते. मूळ गोळी तशीच रक्तात साठते. डॉक्टर विचारतात ना, "दुसरं काही औषध चालू आहे का?" ते उगीच नव्हे. तेव्हा सगळे सांगावे.

ही गोळी अमेरिकेत १९९८ साली बंद झाली. ते बदललेले औषध, फेक्सोफेनाडीन, आता आपल्याकडेही मिळते.

तुम्ही म्हणाल, आधी उंदरावर करून बघायचे होते. पण इथे उंदीर कामाचा नाही. त्याचे काळीज मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देते. त्याच्या विसाव्याची रीतच निराळी. कुत्रा, ससा, माकड यांची काळजे या बाबतीत माणसाच्या जवळची. म्हणून अमेरिका, युरोप व जपान यांनी २००५ साली तपासणीची रीत ठरवली, तीत उंदीर वगळला.

कुत्र्याच्या कातडीखाली लहानसे यंत्र बसवतात. कुत्रा आपल्या खोलीत हिंडतो, आणि रेडिओच्या लहरींवरून त्याच्या काळजाचा आलेख बाहेर उमटतो. औषध आधी थोडे देतात, मग जास्त. विसावा किती लांबला ते मोजतात.

मुक्या जनावराला हा त्रासच. आम्हाला तो गोड वाटत नाही. आता माणसाच्या काळजाच्या बारीक पेशी काचेच्या बशीत वाढवतात. त्या बशीत ठोके देतात! त्यांच्यावरही औषध पाहतात. पण त्या बशीत यकृत नसते. अख्ख्या शरीरात औषधाचे काय होते, ते कळायला अजून जनावर लागते.