गैरहजर मुलांची यादी

तपासणीसाठी शाळेत पाऊल टाकलं की सिस्टर आधी वर्गशिक्षिकेला गाठतात. "बाई, शेजारच्याच्या वहीत बघून उतरवणारी मुलं कोणती?" बाईंना वाटतं, ढ मुलांची नावं मागताहेत. सिस्टर ती नावं लिहून घेतात आणि डोळ्यांच्या तक्त्यासमोर याच मुलांना पहिल्यांदा उभं करतात. त्यांच्यातल्या काहींना अभ्यास जमत नसतो हे खरं. पण काहींना फळाच दिसत नसतो, आणि हे त्यांनी कुणाला कधी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत नर्स नेमलेली नसते. ती येते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर. 2013 पासून ही पथकं फिरतात. दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता आणि एक गाडी. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा, शाळेची एकदा. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत अशा पथकाचं काम मी जवळून पाहिलं. डॉक्टरांचं काम मोलाचंच आहे, पण लिहायचं आहे ते सिस्टरांबद्दल.

व्हरांड्यात खडूची रेघ. रेघेपासून सहा मीटरवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला तक्ता. उजेड तक्त्यावर हवा, मुलाच्या तोंडावर नको. रांग भिंतीआड, कारण रांगेतली मुलं ऐकून ऐकून ओळी पाठ करतात. आणि ज्याला दिसत नाही तोच सगळ्यात आधी पाठ करतो, नापास होण्याची धास्ती त्यालाच जास्त. डोळा झाकायचा तो तळव्याचा खोलगट भाग नुसता वर धरून. बोटांनी दाबला तर नंतर थोडा वेळ धूसर दिसतं आणि चांगला डोळाही अधू ठरतो. चौथीतल्या एका मुलीने डावा डोळा झाकून शेवटच्या ओळींपर्यंत घडाघडा वाचलं. उजवा झाकला आणि ती गप्प झाली. सिस्टरांनी घाई केली नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "या डोळ्यानं सगळ्यांना असंच दिसतंय ना?"

अधू डोळ्यावरचा उपचार जितक्या लहानपणी सुरू होईल तितका गुण येतो. त्या मुलीच्या घरात कुणाच्याच हे लक्षात आलं नव्हतं, कारण एका डोळ्यावर तिचं सगळं भागत होतं.

उंची आणि वजन झटपट उरकतं. मग सिस्टर खालची पापणी जरा ओढून आतला रंग बघतात, जीभ बघतात, नखं बघतात. रक्त कमी असलेल्या मुलींची संख्या वरच्या वर्गांत वाढत जाते. लोहाची गोळी आठवड्यातून एकदा द्यायची असते: प्राथमिकच्या मुलांना गुलाबी, त्यापुढच्यांना निळी. निळ्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. ती पोटात जाते की खिडकीबाहेर, हे ठरतं गोळी देणाऱ्याच्या बोलण्यावर. सिस्टर आधीच सांगून ठेवतात, "शी काळी होईल, घाबरायचं नाही. खिचडी खाऊन मगच घ्यायची. आणि वर लगेच चहा प्यायचा नाही." एवढं सांगितलं नाही तर पहिल्या आठवड्यातच गावभर होतं की गोळीने पोर आजारी पडलं.

जेवणाच्या सुट्टीत सातवीच्या मुली सिस्टरांच्या भोवती घुटमळू लागल्या. एकीने हळूच सांगितलं, उन्हाळी लागलीय. दिवसभरात पाणी किती पितेस, असं विचारल्यावर उत्तर आलं, शाळेत पीतच नाही, संडासाला कडी नाही. औषध तर सिस्टरांनी डॉक्टरांकडून दिलंच, पण मुख्याध्यापकांकडे जाऊन कडीचंही बोलल्या. मला हे त्या दिवसातलं सगळ्यात मोठं वैद्यकीय काम वाटतं.

आता यादीविषयी. दिवाळीच्या सुमारास इथली गावं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुलं आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापांबरोबर फडावर. पथक हिवाळ्यात आलं तर पटावर नाव असतं, समोर मूल नसतं. सिस्टर अशा मुलांची नावं वेगळ्या वहीत लिहितात. त्यांचं म्हणणं सरळ आहे: जे हजर आहे ते आज ना उद्या कुणाच्या तरी नजरेस पडेल.

हजर मुलातही दोष सापडला की खरं काम पुढेच सुरू होतं. एका मुलाच्या हृदयात डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला. जिल्हा रुग्णालयात न्यायचं, पुढे शस्त्रक्रिया लागली तरी ती मोफत. पण आईबाप कोयत्यावर, मुकादमाची उचल डोक्यावर. खाडा पडला तर तो कोण भरून देणार? सिस्टरांनी आजीकडून नंबर घेतला. फोन रात्री करायचा, कारण दिवसा दोघंही फडात असतात. 'ऑपरेशन' हा शब्द पहिल्या फोनवर काढायचा नाही, आधी नुसती तपासणी म्हणायचं, हे त्यांनी अनुभवाने ठरवून टाकलं आहे.

शाळेत मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात नवी नाही. 1909 मध्ये सयाजीरावांच्या बडोद्यात ती सुरू झाली. त्याआधी 1902 मध्ये न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळेत येऊन खरूज, डोळे आलेली मुलं शोधायचे आणि घरी पाठवायचे. मुलं घरीच राहायची, उपचार कुणीच करत नव्हतं. लीना रॉजर्स या नर्सला चार शाळांवर नेमलं. ती शाळेतच उपचार करू लागली, गैरहजर मुलांच्या घरी जाऊ लागली आणि मुलं वर्गात परतली. महिन्याभराचा तो प्रयोग पालिकेने पुढे कायम केला.

आपण तपासणी सुरू केली, पाठपुरावा मात्र एका पथकातल्या एका बाईच्या तळमळीवर सोडला. वर्षातून एक दिवस पुरणार नाही. प्रत्येक केंद्रशाळेत पूर्णवेळ नर्स हवी, आणि आजूबाजूच्या शाळा तिने आठवड्यातून एकदा तरी फिराव्यात. तोवर तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पुढच्या सभेत एवढं विचारा: मागच्या तपासणीत कुणाकुणाला पुढे पाठवायला सांगितलं होतं, त्यांतले किती पोहोचले, आणि त्या दिवशी गैरहजर कोण होतं?