कार्डाची वार्षिक फी प्रवासातून वसूल होते का?

रांजणगाव एमआयडीसीतल्या एका मित्राने परवा विचारलं, "प्रवासाचं क्रेडिट कार्ड घेऊ का?" मी उलट विचारलं, "वर्षाला एसी डब्याची तिकिटं किती रुपयांची काढतोस?"

उदाहरणार्थ, आयआरसीटीसी एसबीआय प्रीमियर कार्ड घ्या. वार्षिक फी १,४९९ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे जवळपास १,७६९. आयआरसीटीसीवरच्या एसी तिकिटांवर १० टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात, एक पॉइंट म्हणजे एक रुपया. फी निघायला वर्षाला निदान १७,७०० रुपयांची एसी तिकिटं हवीत.

दौंड जंक्शनवरून सहकुटुंब लांबचा प्रवास करणाऱ्यांना हे जमतं. रोज पुण्याला जाणाऱ्या पासवाल्यांना नाही. रांजणगावजवळच्या शिरूरला तर रेल्वेच नाही.

महागड्या कार्डांवरच्या विमान-हॉटेल व्हाउचरचंही तसंच. जो खर्च एरवी केलाच नसता, त्याचं व्हाउचर मी शून्य धरतो. बिल थकलं तर व्याजच सगळा फायदा गिळतं.

कार्ड नकोसं झालं तर थकबाकी भरून बंद करायला सांगा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेने ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं असतं. उशीर झाल्यास बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

तुमचा वर्षाचा प्रवासखर्च आणि कार्डाची फी लिहा, हिशोब मांडून देतो.