छातीतली गाठ : सगळा स्तन काढावाच लागतो काय?



हा विषय आपल्या पत्रिकेत कशाला, असे काहींना वाटेल. पण घरातल्या बाईच्या छातीत गाठ लागली, तर ऊसतोड आटोपेपर्यंत, धान घरात येईपर्यंत ती सांगत नाही, हे आपण सारेच जाणतो. "दुखत नाही, तर काहून जायचं दवाखान्यात?" असे तिचे म्हणणे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हीच तर फसगत आहे. आणि मनात दुसरी भीती असते ती वेगळीच : डॉक्टर सगळा स्तन कापून टाकतील.

उसात लाल कूज दिसली की आपण अख्खे बेट मुळासकट उपटून जाळतो, आणि ते बरोबरच आहे. जुने सर्जनही असाच विचार करीत. अमेरिकेतील डॉ. हॅल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतल्या गाठी एकदम काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ती पाऊणशे वर्षे चालली. पुढे ध्यानात आले की, बाई दगावते ती बहुधा स्तनातल्या गाठीमुळे नव्हे, तर हाडांत, फुप्फुसांत, यकृतात पोचलेल्या पेशींमुळे. त्या आधीच निघून गेल्या असतील, तर इथे जास्त कापून काय साधणार?

इटलीत मिलान येथे डॉ. वेरोनेसी यांनी 1973 ते 1980 या काळात 701 स्त्रियांची पाहणी हाती घेतली. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंतची. काहींचा सगळा स्तन काढला. बाकीच्यांची गाठ व भोवतालचा भाग काढून किरणोपचार दिले. 20 वर्षांनी हिशेब मांडला, तर मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे 41.2 व 41.7 टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. स्तन राखलेल्यांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण थोडे जास्त होते, पण आयुष्य त्याने घटले नाही.

मात्र मोठा भाग काढला की खड्डा पडतो, आकार बिघडतो. त्यासाठी आता कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि स्तनाची पुनर्रचना एकाच वेळी करतात. उरलेला स्तन सरकवून नीट आकार देतात, किंवा पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिन्यांसह पुढे फिरवून खड्डा भरतात. सर्जनला कडेचे निरोगी मांस अधिक घेता येते, म्हणून गाठ थोडी मोठी असली तरी स्तन वाचू शकतो. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशनचे डॉ. कोप्पीकर यांच्या चमूने आपल्याकडील स्त्रियांवर हे काम बरेच केले आहे. आजवरच्या अनुभवात जगण्याचे प्रमाण साध्या स्तन-राखणीइतकेच दिसते. तोटेही सांगितले पाहिजेत. शस्त्रक्रिया लांबते, जखम भरायला काहींना वेळ लागतो, आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून कधी दुसऱ्या स्तनावरही काम करावे लागते. गाठी अनेक जागी असतील, किंवा किरणोपचार देता येत नसतील, तर पूर्ण स्तन काढणेच योग्य ठरते.

आता आपल्या भागाची खरी अडचण. स्तन राखला तर किरणोपचार, ज्याला आपले लोक ‘शेक’ म्हणतात, तो जवळजवळ सर्वांनाच पुरा घ्यावा लागतो. अमेरिकेतील डॉ. फिशर यांच्या पाहणीत 20 वर्षांत शेक घेतलेल्यांपैकी 14 टक्के स्त्रियांच्या त्याच स्तनात रोग उलटला. न घेतलेल्यांत 39 टक्के. पूर्वी शेक पाच-सहा आठवडे चाले, आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत होतो. तरी गोंदियाहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या वर. रोजचे जाणे-येणे बाईला झेपत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्यावे : शेक कुठे मिळेल, राहायचे कुठे, सोबत कोण थांबेल, आणि तेवढे दिवस घरची गुरे कोण पाहील. ही सोय होत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, लाजू नये.

नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयासाठी गोंदियाहूनच विदर्भ एक्सप्रेस सुटते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरचे उपचार बसतात. आपल्या शस्त्रक्रियेतले काय काय त्यात बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारावे. जाताना रेशनकार्ड, आधारकार्ड आणि आधीच्या तपासण्यांचे सारे कागद सोबत ठेवावेत.