भीती कुणाच्या घरची?

भुताला जात नसते, असं आपण सहज बोलून जातो. मराठी भुतांच्या बाबतीत ते खरं नाही. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा गेला तर त्याचा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. म्हणजे ज्यांच्यात मुंज होते त्यांचंच ते भूत. ब्राह्मणाचा ब्रह्मसमंध, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ, आणि मुसलमानाचा खवीस! मूळ अरबी शब्द ‘खबीस’, म्हणजे नीच, नापाक. आमच्या घरात तो शिवी म्हणून यायचा. मराठीत आला आणि भूत झाला.

गावाची वस्ती जशी वाटलेली होती, तशीच भुतंही वाटली गेली. मला याचा राग येत नाही, थोडी गंमतच वाटते. खरी अडचण सिनेमात सुरू होते. तिथं भूत कुणाचं, यापेक्षा घाबरतं कोण, हे महत्त्वाचं. अंधारात कॅमेरा ज्याच्या मागोमाग चालतो, त्याचा जीव वाचावा असं आपल्याला वाटू लागतं. त्याची जात, धर्म आपण विसरतो. आणि आपल्याकडच्या भयपटांत हे घाबरणारं घर बहुतेक वेळा एकाच तऱ्हेचं असतं. आमच्यासारख्यांना बोलावणं येतं ते शेवटी. कफनी, लोबानचा धूर, मोरपिसांचा कुंचा. भूत उतरवायचं आणि निघायचं. चहासुद्धा कुणी विचारत नाही.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ २०२४ साली आला. भाषा हिंदी, पण भूत कोकणातलं आणि घर पुण्यातलं. त्यात भूत उतरवणाऱ्याचं नाव आहे एल्विस करीम प्रभाकर. सत्यराज यांनी ते काम केलंय. एका नावात तीन धर्म बसवलेत. ऐकून मीही हसलो. पण गोट्या नावाच्या ज्या मुलाचा मुंज्या होतो, त्याला आई आहे, बहीण आहे, जिच्यावर जीव जडला ती मुलगी आहे. एल्विस करीम प्रभाकर संध्याकाळी कुणाच्या घरी जेवतो?

राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये (२०१८) संकट परक्या वस्तीतून येत नाही. हाव त्याच ब्राह्मण घरातली आहे आणि बापाकडून मुलाकडे चाललेली आहे. त्यातल्या पांडुरंगाचं काम मोहम्मद समद या मुलानं केलं. वाड्यातल्या म्हातारीच्या जाड रंगभूषेखालीही एका टप्प्यावर तोच होता. पांडुरंग कुणाला उपरा वाटला नाही. नट कुठलाही चालतो, प्रश्न पात्राचाच असतो.

बाबक अन्वारी यांचा ‘अंडर द शॅडो’ (२०१६) हा फारसी चित्रपट यासाठी पाहावा. इराण-इराक युद्धाचे दिवस, तेहरानमधली इमारत, घरात मायलेकी. क्षेपणास्त्र कोसळतं आणि जिन घरात शिरतो. आई लेकीला उचलून रस्त्यावर पळते, तर डोक्यावर काही नाही म्हणून पकडली जाते. इथं मुसलमान बाईला भूत उतरवावं लागत नाही. तिला नुसतं घाबरता येतं. असं घर मराठी पडद्यावर मिरजेत, औरंगपुऱ्यात किंवा आमच्या कळंबमध्ये का नसावं?

आम्हाला जवळचा वाटावा असा मराठी भयपट म्हणजे विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). कारण त्यात ऊस आहे. आमच्याकडे, वालचंदनगरच्या आसपास, ज्यानं उभ्या उसात पाऊल टाकलंय त्याला हे सांगायला नको. दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि वारा सुटला की पाचट असं वाजतं की मागून कुणी चालतंय. या उसाच्या मधोमध एका घरात शहरातली गरोदर नेहा येऊन अडकते. पूजा सावंत यांची नेहा आणि उषा नाईक यांची तुळसाबाई, दोघी विसरता येत नाहीत. मुलगी नको म्हणून होणाऱ्या हत्यांची गोष्ट दिग्दर्शकानं भुतांकरवी सांगितली. चार भाषणांनी झालं नसतं ते काम या चित्रपटानं केलं.

तरी वाटतं, उसात गरोदरपणी रात्र काढणारी बाई खरोखर कोण असते? हंगामात बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, मोजणी हत्याराची. पाचटाची कोपी, त्यात लहान पोर, पहाटेच्या अंधारात तोडणी, डोक्यावर मोळी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९ साली उघड झालं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. खाडा पडू नये, दंड भरावा लागू नये, हेही त्यामागचं एक कारण होतं.

नेहाच्या जागी या बाईला ठेवून तोच चित्रपट मनात लावून पाहा. सळसळ तीच, रात्र तीच. नेहानं पळून सुटावं म्हणून आपण खुर्चीच्या कडेला येतो. कोयत्यावरची बाई पळणार कुठं? मुकादमाची उचल अजून फिटलेली नसते.